चहा संपेपर्यंत मोटर बंद करायची नाही

नानांची वाचा दोनदा गेली. पहिल्यांदा ती पक्षाघातानं गेली आणि तसं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा का गेली, ते कुणालाच कळेना. ज्या दुपारी मला ते कळलं त्या दुपारी मी उभी होते तिथेच खाली बसले.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या विहिरीवरची मोटर जळली की ती टेम्पोतून, बैलगाडीतून, कधी एसटीच्या टपावरून यावल-रावेरकडून त्यांच्याकडे यायची. तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार ते उपसून काढायचे, नवी भरायचे, वार्निश लावून वाळवायचे. आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, उशीच्या अभ्र्यांनासुद्धा त्या वार्निशचा वास होता. लग्न होऊन मी धुळ्याला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला झोप लागेना. सासरच्यांना वाटलं, पोरीला माहेर आठवतंय. खरं तर मला वार्निश आठवत होतं.

नाना बोलके होते असं म्हटलं तर ते कमीच होईल. ते सकाळी तोंड धुताना जे सुरू व्हायचे ते अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. गिऱ्हाइकाशी, कारागिराशी, मोटरशी, आणि कुणीच नसलं तर आईशी. आई ऐकायची. तिला बोलायचं असेल असं आमच्यापैकी कुणाच्या कधी डोक्यातच आलं नाही. ती भाकरी थापता थापता 'हं' म्हणायची आणि त्या 'हं'वर नाना पुढचा अर्धा तास काढायचे.

त्यांच्या बोलण्याचा लाडका विषय एकच. शेतात वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नसायचा. मग शेतकरी स्टार्टर 'ऑटो'वर टाकून घरी जायचे, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू. वीज आली, गेली, आली, गेली, की मोटर उठली, बसली, उठली, बसली. केळीला पाणी मिळायचं राहिलं बाजूला, मोटरच जळून बसायची. तिचा मालक डोक्याला हात लावून दुकानात आला की नाना त्याला बाकावर बसवायचे आणि सुनवायचे, "मोटर चालीसन जळत नही भाऊ, चालू व्हताना जळस." चालून चालून काही होत नाही, दर वेळी उभं राहताना जो जोर लावावा लागतो तो तिला खातो. हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मला ते ऐकूच येईनासं झालं.

दुकानाची एक पद्धत होती. भरलेली मोटर मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी ती बाकावर घट्ट बसवायची, नारळ फोडायचा आणि सुरू करायची. मग चहा मागवायचा. नाना आणि मालक समोरासमोर बसून तो चहा प्यायचे आणि मोटर बाजूला घूं करत राहायची. चहा संपेपर्यंत मोटर बंद करायची नाही. कप रिकामा झाला, आवाज बदलला नाही, तर मोटर पास. कुणी घाईचा गिऱ्हाईक "नाना, एकदा बंद करून परत सुरू करून दाखवा की" म्हणाला, तर नाना त्याच्याकडे असे बघायचे की तो बिचारा बशीत तोंड घालायचा.

असा माणूस एका सकाळी तोंड धुताना सुरूच झाला नाही. उजवा हात खाली लोंबत होता आणि तोंडातून नुसतं 'अं, अं' येत होतं. मी धुळ्याहून पोचले तेव्हा ते दवाखान्यातल्या खाटेवर होते. मला बघून त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं समजतं, शब्दही आत तयार आहेत, फक्त जीभ वळत नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला तर जास्तच भीती वाटली, कारण नानांच्या आत किती शब्द आहेत हे मला ठाऊक होतं.

घरी आणल्यावर आईनं पाटी-पेन्सिल आणून दिली. नानांनी डाव्या हातानं काहीतरी काढलं. ते अक्षर नव्हतं, चित्रही नव्हतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि पाटी भिंतीवर फेकून मारली. आम्ही हबकलो. या माणसानं उभ्या आयुष्यात कधी पाना फेकला नव्हता, पक्कड आपटली नव्हती. आईनं तुकडे गोळा केले आणि त्यानंतर घरात कुणी पाटीचं नाव काढलं नाही.

धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला होता. त्याच्या कंपनीनं जुने लॅपटॉप काढून टाकले तेव्हा त्यानं एक मागून घेतला आणि रेल्वेनं मांडीवर ठेवून आणला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या गल्लीत लोकांनी कॉम्प्युटर पाहिला होता तो बँकेत, काचेपलीकडे. पुस्तकासारखा मिटणारा कॉम्प्युटर म्हटल्यावर अर्धी गल्ली पाहून गेली. आईनं त्याला हळद-कुंकू वाहिलं. भावानं त्यात मराठी टायपिंगचा प्रोग्राम टाकला होता. मी कागदाचे चौकोनी तुकडे कापून त्यावर अक्षरं लिहिली आणि एकेका बटणावर चिकटवली. मग तो नानांच्या पुढ्यात ठेवला.

नानांनी बटणांकडे पाहिलंच नाही. त्यांनी डावा तळवा यंत्राच्या कडेला ठेवला, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. आत कसलीशी बारीक घरघर होती. आम्हाला ती मुद्दाम कान दिल्याशिवाय ऐकूही येत नव्हती. मग त्यांचं एक बोट बटणांवरून फिरू लागलं. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, पडद्यावर उमटलं का बघायचं. आई पदराचं टोक दातात धरून उभी होती. बऱ्याच वेळानं पडद्यावर अक्षरं जुळली: 'कितला एचपीनी शे'.

"काय म्हनतस?" आईनं विचारलं.

"विचारतायत, यातली मोटर किती हॉर्सपॉवरची आहे."

"आग माय वं!" आईनं कपाळावर हात मारला. "मी देवीले नवस बोलनी, आनि हाऊ मानूस एचपी इचारस!"

आम्ही हसलो, रडलो, परत हसलो. भावानं नानांना समजावलं की आत एक लहान बशीएवढी तबकडी फिरते, सगळं लिहिलेलं तिच्यावर साठतं, आणि तिच्यावरून एक छोटासा दांडा फिरत ते वाचतो. तिला हार्ड डिस्क म्हणतात. नानांनी मान डोलावली. एवढ्याशा जिवाला एवढं काम, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. मी धुळ्याला शाळेत शिकवायचे; दर शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायचे आणि पारोळा-एरंडोल करत जळगावला पोचायचे. नानांचं बोलणं चालू असायचं. बोलणं म्हणजे काय, तर 'भाजीमा मीठ कमी शे'. 'दुकाननी किल्ली कोठे शे'. 'शेजारना पंखा आवाज करस, बेरिंग गयी'. लेखी बोलले तरी नाना ते नानाच.

आई तिसरी शिकलेली. ती पडद्यावर बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची, परत मागून सुरुवात करायची. मग तोंडी उत्तर द्यायची. त्यावर नाना विचार करायचे, बोट शोधत निघायचे, एक शब्द उमटायचा, यंत्र तिच्याकडे वळवायचे, ती परत बोट ठेवायची. मिठाच्या एका प्रश्नात दुपार कलायची. पडद्यावर आईच्या बोटांचे पिठाचे ठसे पडलेले असायचे. मला ते बघून इतकं बरं वाटायचं की मी ते पुसायचे नाही.

थंडी सरली आणि नानांचं बोलणं आटायला लागलं. आधी वाक्यांचे शब्द झाले. मग शब्दांचं एखादं अक्षर. 'हो' म्हणायचं तर नुसतं 'ह'. होळीनंतर एका शनिवारी मी गेले तर यंत्र मिटलेलं होतं आणि नाना खिडकीबाहेर बघत होते. मी ते उघडून समोर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं ते हळूच मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"चार दिन झाया, काहीच बोलेल नही," आई म्हणाली.

दुसरा झटका तर येऊन गेला नाही? डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत उजेड टाकला, पायाला हातोडी मारली. नवीन काही नाही म्हणाले. मन खचलं असेल, अशा आजारात होतं तसं. मन खचलं! माझ्या बापाचं मन! जो माणूस झटका आल्यावर एचपी विचारतो त्याचं मन खचेल यावर माझा विश्वास बसेना, आणि दुसरं काही कारणही सापडेना. आई रोज त्यांच्यापुढे बसून विनवायची. काही दुखतंय का, कुणी काही बोललं का, माझं काही चुकलं का. ते तिच्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. एकदा मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा. म्हटलं, देवानं एक दार बंद केलं, पोरानं दुसरं उघडून दिलं, ते तुम्ही हातानं लावून घेताय. नानांनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुक्कामाला गेले. जळगावचा मे. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नसते आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. एका दुपारी मी नानांजवळ यंत्र उघडून बसले आणि त्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम चुकीची अक्षरं दाबत राहिले. म्हटलं, चिडून तरी बोलतील. त्यांना खरंच राहवलं नाही. त्यांनी बोट पुढे केलं. त्यांचं बोट अक्षर शोधत हवेत असताना यंत्रातून 'टक्' असा आवाज आला आणि घरघर थांबली. नानांनी अक्षर दाबलं. अक्षर उमटलंच नाही. क्षणभर सगळं गोठल्यासारखं झालं. मग आतून घूंऽऽ करत काहीतरी जोर लावून उठलं, आणि मग ते अक्षर पडद्यावर आलं.

मी नानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता, कुणाचं तरी बोट दारात चिमटताना बघावं तसा. त्यांनी बोट मागे घेतलं, तळवा यंत्राच्या कडेवर ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि ते मिटून टाकलं.

हे त्यांच्या मनाचं नव्हतं. त्यांना काहीतरी ऐकू येत होतं.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि तडक स्टेशन रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. तिथले सर माझ्याच वयाचे, त्या उन्हात टाय बांधून बसलेले. त्यांनी कान लावून ऐकलं आणि आरामात सांगितलं, "काही नाही ताई, डिस्क झोपतेय."

"झोपतेय म्हणजे?"

"बॅटरी वाचावी म्हणून तसं सेटिंग असतं. एक मिनिट कुणी काही केलं नाही की तबकडी फिरायची थांबते. तो दांडा आपल्या जागेवर जाऊन बसतो, तो टक् आवाज त्याचाच. पुन्हा काही लिहायचं झालं की तिला परत उठावं लागतं. तुमच्या भावानं प्रवासात वापरायला केलं असेल."

एक मिनिट. मला आईचं बोट दिसलं. अक्षर लावत लावत पडद्यावरून सरकणारं. तिचं वाचून होईपर्यंत डिस्क झोपायची. मग नाना उत्तर शोधायचे आणि ती दचकून उठायची. परत आईचं वाचन, परत झोप. मिठाच्या त्या एका प्रश्नात ती किती वेळा बसली आणि उठली असेल! माझ्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ज्या गतीनं चालायचं, नेमकी तीच गती तिच्या मुळावर आली होती.

"यानं तिला काही होतं का?" मी विचारलं. उत्तर काय येणार हे मला कळलं होतं.

"होतं तर! चालून काही होत नाही हो. सारखं थांबणं आणि सुरू होणं, हेच तिला भारी पडतं. असंच राहिलं तर एक दिवस उठायची नाही."

टायवाल्या सरांच्या तोंडून माझा बाप बोलत होता. लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य महिनोन्‌महिने त्या घरात, त्या यंत्रातून, टक् आणि घूंऽऽ करत ओरडत होतं. नाना मशीन जपतायत, जळेल म्हणून बोलत नाहीयेत, एवढं माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, एवढंच आहे.

सरांनी उपाय दाखवला. यंत्र सुरू होताना एक बटण दाबून धरायचं, निळा पडदा येतो, त्यात वीज वाचवायचं पान, त्यात डिस्कपुढचं एक मिनिट काढून 'बंद' करायचं. मी ते करून घरी आले. नानांसमोर उघडलं, म्हटलं, बघा आता. आम्ही दोघं कान लावून बसलो. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि टक्!

नानांनी डोळे मिटले. मला तर ते यंत्र उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लास. सर म्हणाले, अरे हो, आतल्या कंट्रोल पॅनलमध्येही एक वेळ लावलेली असते, ती तीन मिनिटांची होती. ती काढली. संध्याकाळी वीज गेली आणि पुन्हा टक्! तिसऱ्या दिवशी कळलं की यंत्र बॅटरीवर चालताना त्याचं सेटिंग वेगळं असतं. तीन ठिकाणी तिघांनी मिळून तिला झोपवायचा विडाच उचलला होता. मी तिन्ही ठिकाणचं काढलं. सर टाय सैल करत म्हणाले, "ताई, आता बॅटरी टिकणार नाही हं. वीज गेली की थोड्या वेळात सगळंच बंद होईल."

"होऊ द्या," मी म्हटलं.

घरी येऊन मी लॅपटॉप नानांसमोरच्या स्टुलावर ठेवला, सुरू केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आई, चहा टाक. आणि एक नारळ दे."

नानांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. आईला काही कळलं नाही, पण तिनं नारळ दिला. मी तो उंबऱ्यावर फोडला. चहा आला. नानांनी डाव्या हातात कप घेतला, मी माझा घेतला आणि आम्ही समोरासमोर बसलो, दुकानात गिऱ्हाईक बसायचा तसे. यंत्र बाजूला घरघरत होतं. नाना घोट घेत, मध्येच कप तोंडाशी थांबवत. मिनिट गेलं. आणखी गेली. चहा पार गार झाला तरी नाना तो पुरवून पुरवून पीत होते. अखेर त्यांनी कप खाली ठेवला. आवाज बदलला नव्हता.

बोट पुढे झालं. 'आते जळाव नही'.

"नाही जळणार," मी म्हटलं. "नाना, एवढ्यासाठी गप्प बसलात? मशीन जळेल म्हणून? जळलं असतं तर जळलं असतं! दुसरं आणलं असतं आम्ही!"

त्यांनी मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. कितीतरी वेळ लिहीत होते. मी उठून त्यांच्याजवळ उभी राहिले होते आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी यंत्र माझ्याकडे वळवलं.

'मशीन जळो. पन मरता टाइमले बोलानं ऱ्हाई जाई. म्हनीसन राखी ठेवी तिले.'

मी खाली बसले ती तेव्हा. त्यांनी हिशेब केला होता. या यंत्रात उठायची ताकद मोजकीच उरली आहे, ती मीठ आणि किल्ल्या आणि शेजारच्या पंख्यावर उधळली तर शेवटच्या दिवशी ते उठणार नाही. म्हणून हा माणूस, जो आयुष्यात अर्धा तास गप्प बसला नव्हता, तो तोंड दाबून महिने काढत होता. आईचं रडणं समोर बघत होता, माझं ओरडणं ऐकून घेत होता, आणि एक शब्द खर्च करत नव्हता. मला राग आला आणि रडूही आलं.

"कुणाशी?" मी कसंबसं विचारलं. "कुणाशी बोलायचं राहिलं असतं?"

नानांनी हनुवटीनं स्वयंपाकघराकडे खूण केली.

"ती रोज तुमच्यापुढे बसलेली असते हो! मरायची वाट कशाला बघताय? आई! आई, इकडे ये!"

आई हात पुसत आली. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना भर बाजारात उघडं पाडलंय. मी हटले नाही. माझा स्वभावही त्यांचाच आहे. शेवटी त्यांनी बोट पुढे केलं. आई त्यांच्या शेजारी खाटेवर टेकली. मी उठून जायला निघाले तर तिनं माझा हात धरला. जोडाक्षर आलं तर तिला मी हवी होते.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "इ-त-ला व-री-स मी-च बो-ल-नू. तु-ले बो-लू दि-धं न-ही." ती थांबली. परत मागून वाचलं. मग पुढचं. "आ-ते तू बो-ल."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता, आणि खाली ती घरघर.

"काय बोलू?" आई म्हणाली. मला वाटतं, तिला आयुष्यात 'बोल' असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

नानांनी एकच शब्द लिहिला. 'बठ्ठं.' म्हणजे सगळं.

आई बराच वेळ हातातलं फडकं घड्या घालत आणि उलगडत बसली. डिस्क या वेळी थांबली नाही, झोपली नाही. मला वाटलं, आई आता हसेल, उठेल, चहाचे कप उचलेल. तिनं फडकं मांडीवर ठेवलं आणि नानांकडे न बघता म्हणाली,

"लगीन करीसन आनी, आनि घर येवाना पहिले तुम्हीन माले दुकानमा मोटर दखाडी. माले तहान लागेल व्हती. पानी कोनीच इचारं नही."

लग्नाच्या दिवशीची तहान. लग्न करून आणलं आणि घरी नेण्याआधी तिला दुकानात नेऊन मोटर दाखवली, आणि ती तहानेली उभी होती. इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. नानांचा जबडा खाली आला. ते 'अं' म्हणाले. बोट बटणांकडे गेलं, काहीतरी शोधू लागलं.

"थांबा," आई म्हणाली. "माले बोलू द्या."

आणि ती बोलू लागली. पहिल्या दिवसापासून, काहीही न सोडता, आवाज न चढवता. मी माझ्या आईचा आवाज एवढा सलग कधी ऐकला नव्हता. मी तोंडाला पदर लावून ऐकत होते आणि मला राहून राहून वाटत होतं, ही बाई कोण आहे?

मध्येच वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं, पण सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. थोड्या वेळानं पडद्यावर काहीतरी सूचना आली, मग तो काळा पडला. टक्. घरघर थांबली.

मी दचकून उठले. कोपऱ्यावरच्या दुकानात जनरेटर होता, तिथे नेऊन लावलं असतं. नानांनी डावा हात वर केला आणि मला खाली बसायची खूण केली. त्यांचं लक्ष यंत्राकडे नव्हतंच. आई बोलत होती. तिला बंद पडलेलं कळलंसुद्धा नव्हतं.

मग नानांनी तो डावा हात स्टुलाकडे नेला. गोळ्या घ्यायला तिथे पाण्याचा पेला भरून ठेवलेला असायचा. बोटांत तो नीट मावत नव्हता, अर्धं पाणी चादरीवर सांडलं. तरी त्यांनी तो उचलला आणि आईसमोर धरला.

आई बोलता बोलता थांबली. तिनं पेला घेतला, उरलेलं पाणी प्यायली, आणि पुढचं सांगायला लागली.